खोसा साहित्य, संगीत आणि श्रद्धा यांचे अभिलेखागारांतील जतन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोसा ही दक्षिण आफ्रिकेच्या अधिकृत भाषांपैकी एक असून २०११च्या जनगणनेत ८० लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. तिचा मुख्य प्रदेश म्हणजे आजचा ईस्टर्न केप प्रांत. या भाषेतील काव्य, गाणी, स्तोत्रे, प्रवचने आणि भविष्यकथने यांचे जे काही आज हाती उरले आहे, ते कोठे आहे, कसे टिकले आणि त्यातले काय हरवले, याविषयी वाचक, विद्यार्थी आणि ग्रंथपाल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. खोसा नावे देवनागरीत लिहिताना त्या भाषेतील जिभेच्या टाळीसारखे ध्वनी दाखवता येत नाहीत; त्यामुळे येथील उच्चार जवळपासचे समजावेत.

साहित्य, संगीत आणि धर्म या तिन्हींचा विचार एकत्र का करावा लागतो?

कारण खोसा परंपरेतील सर्वांत महत्त्वाच्या कृती या तिन्ही कप्प्यांत एकाच वेळी बसतात. न्त्सिकाना या द्रष्ट्या पुरुषाचे 'महास्तोत्र' हे त्याचे पहिले आणि सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. न्त्सिकानाचा जन्म १७८०च्या सुमाराचा आणि मृत्यू १८२१चा. मिशनऱ्यांचे बोलणे त्याच्या कानावर पडले होते, पण त्याचा बाप्तिस्मा कधीही झाला नाही, आणि ज्या शब्दांत त्याने आपला देव गायला ते शब्द कोणत्याही युरोपीय स्तोत्रपुस्तकातून आलेले नव्हते. त्या स्तोत्रात देव ही सत्याची ढाल आहे, सत्याचे दाट रान आहे, आत्म्यांची शिकार करणारा शिकारी आहे, एकमेकांना न जुमानणारे कळप एकत्र आणणारा आहे आणि सर्वांनी पांघरावे असे मोठे कातडी वस्त्र आहे. राजाची स्तुती करणाऱ्या खोसा कवीची हीच रीत होती: विशेषणांवर विशेषणे रचत जायचे आणि प्रत्येक विशेषण गुराढोरांच्या, रानाच्या, युद्धाच्या जगातून उचलायचे.

हे स्तोत्र काव्य म्हणून वाचता येते, खोसा ख्रिस्ती श्रद्धेचा आरंभ म्हणून अभ्यासता येते आणि गाणे म्हणून ऐकता येते. त्याचे शब्द एकोणिसाव्या शतकात छापले गेले. सूर जॉन नॉक्स बोक्वे (१८५५–१९२२) यांनी नोंदवून ठेवला. त्यांच्या घराण्यातच न्त्सिकानाच्या अनुयायांची परंपरा चालत आली होती. पुढे १९८०च्या सुमारास कॅथॉलिक धर्मगुरू आणि संगीत-अभ्यासक डेव्ह डार्गी यांना ग्रामीण भागात, कोणत्याही छापील पुस्तकाच्या आधाराविना, उहाडी या धनुष्यवाद्याच्या साथीने गायले जाणारे न्त्सिकानाचे गाणे मिळाले. म्हणजे एका गाण्याचे शब्द ग्रंथालयात, स्वरलेखन स्तोत्रपुस्तकात आणि जिवंत सूर ध्वनिफितीत अशी विभागणी झाली. अभिलेखागारांनी ही तीन रूपे तीन वेगळ्या सूचींत टाकली आणि त्यांच्यामधला दुवा नोंदवला नाही, तर प्रत्येक वस्तू सुरक्षित असूनही मूळ कृती मात्र हरवते. माझ्या मते खोसा वारशाच्या जतनातली मुख्य अडचण हीच आहे. वाळवी, ओल आणि निधीची टंचाई या तिच्या नंतरच्या गोष्टी होत.

खोसा भाषेतील छपाई केव्हा सुरू झाली?

डिसेंबर १८२३मध्ये. ग्लासगो मिशनरी सोसायटीचे जॉन रॉस यांनी एक लहान हातछापखाना केपहून बैलगाडीतून त्युमे नदीच्या खोऱ्यातील ठाण्यावर आणला आणि तेथे आधीपासून भाषेचा अभ्यास करणारे जॉन बेनी यांनी तयार केलेला मजकूर त्यावर छापला गेला. पुढच्याच वर्षी जवळ नवे ठाणे उभे राहिले. त्याला संस्थेचे एक संस्थापक डॉ. जॉन लव्ह यांच्यावरून लव्हडेल हे नाव मिळाले. खोसा आणि वसाहतवाले यांच्यातील नंतरच्या सीमायुद्धांत छापखान्याची नासधूस झाली आणि त्याचे छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे वितळवून बंदुकीच्या गोळ्या करण्यात आल्या. १८६१मध्ये लव्हडेलचा छापखाना पुन्हा उभा राहिला आणि त्यानंतरचे जवळजवळ शंभर वर्षांचे खोसा वाङ्मय याच एका दारातून बाहेर पडले.

लव्हडेलच्या छापखान्याने लेखकांचा मजकूर जसाच्या तसा छापला का?

नेहमी नाही. छापखाना चर्चच्या मालकीचा होता. शाळांत चालेल, नीतीला धरून असेल आणि राज्यकर्त्यांशी वाद ओढवणार नाही असेच पुस्तक त्याला हवे असे. त्यामुळे काही हस्तलिखिते परत गेली, काहींत काटछाट झाली, आणि शालेय आवृत्त्या काढताना जुनी पुस्तके आणखी आखूड झाली. एस. ई. के. म्कायी (१८७५–१९४५) यांची 'इत्याला लामावेले' ही जुळ्या भावांच्या वारसाहक्काच्या खटल्याची गोष्ट १९१४मध्ये प्रसिद्ध झाली; त्यानंतर तिच्या निरनिराळ्या आवृत्त्या निघाल्या आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. डब्ल्यू. बी. रुबुसाना यांनी १९०६मध्ये इंग्लंडमध्ये छापून घेतलेला 'झेम्क इन्कोमो मग्वालान्दिनी' हा प्रचंड संग्रह, ज्यात राजांच्या स्तुतिकाव्यांचा मोठा साठा आहे, पुढील पिढ्यांपर्यंत प्रामुख्याने संक्षिप्त रूपातच पोहोचला.

म्हणून एखाद्या ग्रंथालयाने "आमच्याकडे हे पुस्तक आहे" असे सांगितले, की कोणती आवृत्ती, हा प्रश्न लगेच विचारावा. पहिल्या आवृत्तीची एकच जीर्ण प्रत ही नंतरच्या पन्नास प्रतींपेक्षा मोलाची असू शकते. काही बाबतींत तीही उरलेली नाही: म्कायी यांचे बायबलमधील सॅमसनच्या कथेवर आधारलेले १९०७चे पहिले पुस्तक आज एकाही प्रतीच्या रूपाने हाती नाही. लव्हडेलचा पत्रव्यवहार, त्यात कोणते पुस्तक का नाकारले याविषयीची पत्रेही आली, मखांडा येथील ऱ्होड्स विद्यापीठाच्या कोरी ग्रंथालयात आहे. नाकारलेल्या पुस्तकांचा इतिहास लिहायचा तर तो याच पत्रांतून लिहावा लागेल.

अभ्यासक पुस्तकांपेक्षा जुन्या वर्तमानपत्रांच्या मागे का असतात?

कारण खोसा साहित्याचा मोठा भाग पुस्तकांत आलाच नाही. १८३७मध्ये वेस्लियन मिशनने काढलेल्या 'उम्शुमायेली वेन्दाबा'पासून ही परंपरा सुरू होते. लव्हडेलचे 'इसिगिदिमी समाखोसा' १८८८पर्यंत चालले. जॉन टेंगो जबावू यांनी १८८४मध्ये 'इम्वो झाबान्त्सुन्डू' सुरू केले आणि ते मिशनच्या हाताबाहेरचे पहिले महत्त्वाचे खोसा पत्र ठरले. १८९७मध्ये 'इझ्वी लाबान्तू' आले आणि १९२०मध्ये जोहान्सबर्गहून 'उम्तेतेली वा बान्तू'. या पत्रांच्या स्तंभांत कविता, शोकगीते, वादविवाद, कुळांचे इतिहास, चर्चच्या बातम्या आणि वाचकांची भांडणे शेजारी शेजारी छापली जात.

तीन उदाहरणे पुरेशी आहेत. आयझॅक विल्यम्स वॉकोप यांची "तुमची गुरे गेली" या हाकेने सुरू होणारी आणि बंदूक खाली ठेवून लेखणी उचला असे सांगणारी कविता १८८२मध्ये 'इसिगिदिमी'त टोपणनावाने आली. ही कविता खोसा राष्ट्रीय जाणिवेचा एक आरंभबिंदू मानली जाते आणि रुबुसानांच्या संग्रहाचे शीर्षक त्याच हाकेचे आहे. पुढे २१ फेब्रुवारी १९१७ रोजी 'मेंडी' हे जहाज इंग्लिश खाडीत बुडाले तेव्हा सहाशेहून अधिक कृष्णवर्णीय सैनिक-मजुरांबरोबर वॉकोपही गेले. दुसरे उदाहरण विल्यम वेलिंग्टन ग्कोबा (१८४०–१८८८) यांचे. 'इसिगिदिमी'चे संपादक असताना त्यांनी शिक्षणाविषयीचा दीर्घ काव्यसंवाद क्रमशः छापला. नोंगकाव्से या मुलीच्या भविष्यवाणीवर विश्वास ठेवून खोसांनी १८५६–५७मध्ये आपली गुरे मारली आणि धान्य नष्ट केले. त्या भीषण घटनेविषयी खोसा लेखकाने खोसा वाचकांसाठी लिहिलेला ग्कोबांचा वृत्तान्तही १८८८च्या अंकांतच आहे.

तिसरे उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. नोंत्सिझी म्ग्वेथो ही स्त्री १९२० ते १९२९ या काळात 'उम्तेतेली'त जवळजवळ शंभर कविता लिहिते. पुरुष कवींच्या स्तुतिकाव्याचा आवाज उचलून पुढाऱ्यांना, चर्चला आणि स्वतःच्या वाचकांना खडसावते. आणि मग वर्तमानपत्रातून नाहीशी होते. तिच्या आयुष्याबद्दल जे माहीत आहे ते जवळजवळ सर्व तिच्या कवितांतूनच काढावे लागते. खोसा साहित्याचे अभ्यासक जेफ ओपलंड यांनी जुने अंक धुंडाळून या कविता एकत्र केल्या आणि २००७मध्ये त्या इंग्रजी भाषांतरासह पुस्तकरूपाने आल्या. त्या अंकांची बाडे एखाद्या गोदामात ओली झाली असती, तर विसाव्या शतकातील खोसा भाषेची सर्वांत मोठी कवयित्री कोणालाही ठाऊक झाली नसती. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त आणि स्वस्त असतो, तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणून सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) आणि त्यानंतर डिजिटल प्रती या कामात वर्तमानपत्रांना पहिला क्रमांक मिळायला हवा. आजही अनेक पत्रांचे संच सलग नाहीत आणि एका ग्रंथालयातील पोकळी दुसऱ्या ग्रंथालयातील सुट्या अंकांनी भरावी लागते.

तोंडी काव्य आणि कथा कागदावर उतरवल्या की त्यांचे जतन झाले असे म्हणता येईल का?

अर्धेच. राजाच्या किंवा लोकांच्या समोर उभे राहून स्तुती आणि टीका दोन्ही करणाऱ्या कवीला खोसात इम्बोंगी म्हणतात. त्याची कविता प्रसंगी रचली जाते. तिचा वेग, घशातून येणारा खरखरीत आवाज, श्रोत्यांचे हुंकार आणि त्या दिवशी कोण समोर बसले होते हे सर्व तिच्या अर्थाचा भाग असते. डी. एल. पी. याली-मनिसी (१९२६–१९९९) यांच्यासारख्या कवीच्या बाबतीत ओपलंड यांनी अनेक वर्षे ध्वनिमुद्रण करून प्रसंगाचे तपशीलही टिपले, म्हणून त्या संग्रहाचे मोल वेगळे आहे. इन्त्सोमी या कथाप्रकाराबाबत असेच मोठे काम हॅरोल्ड शूब यांनी केले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते पायी गावोगाव हिंडले आणि नोंगेनिले मासिथाथू झेनानी या असामान्य कथनकर्तीच्या कथा त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. एकेक कथा तासन्‌तास, कधी अनेक बैठकींत चालत असे. छापील पानावर या कथांचा सांगाडा दिसतो. झेनानींचे हात, थांबणे, स्वर चढवणे यांसाठी फीतच हवी, आणि फितीबरोबर ती कोणी, कोठे, कोणासमोर सांगितली याची चिठ्ठीही हवी. चिठ्ठी हरवलेली फीत अभ्यासकाच्या फारशी उपयोगाची राहत नाही.

खोसा संगीताचा सर्वांत मोठा ध्वनिसंग्रह कोठे आहे?

ह्यू ट्रेसी यांनी १९५४मध्ये स्थापन केलेल्या आफ्रिकन संगीताच्या आंतरराष्ट्रीय ग्रंथालयात. ते आधी जोहान्सबर्गजवळच्या रूडपूर्ट येथे होते. ट्रेसी यांच्या निधनानंतर १९७८मध्ये ते ऱ्होड्स विद्यापीठात आले, म्हणजे योगायोगाने खोसा प्रदेशाच्या मध्यातच. ट्रेसी यांनी आफ्रिकेच्या मोठ्या भागात फिरून ध्वनिमुद्रण केले आणि खोसा गायक-वादकांच्या नोंदीही त्यात आहेत. डार्गी यांची खोसा ध्वनिमुद्रणेही या संग्रहाचा महत्त्वाचा भाग आहेत.

येथे काय जपले आहे हे समजण्यासाठी उहाडी हे वाद्य समजून घ्यावे लागते. लांब धनुष्याला एक तार आणि खाली उघड्या तोंडाचा भोपळा बांधलेला असतो. वादक बारीक काडीने तारेवर आघात करते आणि बोटाने तार चिमटीत धरून मूळ स्वर साधारण एका पूर्ण स्वराने चढवते. भोपळ्याचे तोंड छातीजवळ नेऊन आणि दूर करून ती तारेतून निघणाऱ्या उपस्वरांपैकी, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या बारीक स्वरांपैकी, हवे ते ठळक करते. दोन मूळ स्वर आणि त्यांचे उपस्वर यांतून सहा स्वरांची एक मांडणी तयार होते आणि गाण्याची चाल त्या मांडणीत चालते. उम्रुभे या तोंडाजवळ धरून घासून वाजवायच्या धनुष्याचेही तत्त्व हेच आहे. लेडी फ्रेअरजवळच्या न्गोको गावातील स्त्रिया तर हेच उपस्वर गळ्यातून काढतात: एकच स्त्री खाली घोगरा सूर धरून ठेवते आणि त्याच वेळी वर शिटीसारखी चाल गाते. या गायनपद्धतीकडे जगाचे लक्ष १९८०नंतर डार्गी यांच्या कामामुळे गेले. न्गोकोच्या नोफिनिशी डिविली या थोर उहाडीवादक २००२मध्ये गेल्या आणि पाँडोलँडच्या मादोसिनी २०२२मध्ये. सात स्वरांच्या युरोपीय लिपीत हे संगीत लिहिले तर त्याचा गाभाच सुटतो. येथे ध्वनिमुद्रणाला पर्याय नाही.

मग चर्चमधील गाणी स्वरलिपीत का आढळतात आणि ती लिपी कोणती?

ती टॉनिक सोल-फा नावाची अक्षरलिपी आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश मिशनबरोबर ती आफ्रिकेत आली आणि तेथे इतकी रुजली, की आजही अनेक खोसा गायकवृंद तिच्यातूनच वाचून गातात. बोक्वे यांची लव्हडेलसाठीची स्तोत्रे १८८५मध्ये याच लिपीत छापली गेली. बेंजामिन त्यामझाशे (१८९०–१९७८) यांच्यासारख्या रचनाकारांची कितीतरी गाणी सुट्या पानांवर, हातांनी उतरवलेल्या प्रतींत एका गायकवृंदाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. ग्रंथालयांनी दीर्घकाळ या पानांना 'खरी' स्वरलिपी मानले नाही आणि मागितलेही नाही. परिणामी ती शिक्षकांच्या पेट्यांत, चर्चच्या कपाटांत आणि नातवंडांच्या घरी आहेत. तेथून ती गोळा करणे हे आजचे सर्वांत तातडीचे काम आहे असे मी मानतो, कारण ही पाने फेकली गेली तर त्यांची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसेल.

'न्कोसी सिकेलेल इआफ्रिका'ची कथा अभिलेखागारांच्या संदर्भात का सांगितली जाते?

कारण जगभर गायल्या जाणाऱ्या आणि आज दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा भाग असलेल्या गाण्याच्या कर्त्याचे कागदही किती सहज हरवू शकतात, हे त्यातून दिसते. एनॉक सोन्तोंगा यांनी १८९७मध्ये जोहान्सबर्गजवळच्या मेथॉडिस्ट मिशन शाळेत शिकवताना हे गाणे रचले. ते १९०५मध्ये, तिशीच्या पहिल्या वर्षांतच वारले. त्यांची गाणी एका वहीत होती; त्यांच्या मागे गायकवृंद ती पत्नीकडून उसनी नेत आणि अखेर ती वही परत आलीच नाही. ८ जानेवारी १९१२ रोजी ब्लूमफाँटेन येथे पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झालेल्या संस्थेची स्थापना झाली; तेथे तियो सोगा (१८२९–१८७१) यांचे 'लिझालिस इदिंगा लाखो' हे स्तोत्र गायले गेले आणि सोन्तोंगांचे गाणेही. म्हणजे दोन खोसा स्तोत्रांनी एका देशाच्या राजकारणाची सुरुवात झाली. लेखक आणि राजकीय पुढारी सोल प्लाट्ये यांनी १९२३मध्ये लंडनमध्ये सोन्तोंगांचे गाणे तबकडीवर गायले, आणि १९२७मध्ये म्कायी यांनी रचलेली पुढील सात कडवी मूळ कडव्याबरोबर छापून आली.

सोन्तोंगांची कबरही अनेक दशके सापडत नव्हती. शोधणारे ब्रामफाँटेन दफनभूमीच्या नोंदवहीत आडनावाखाली पाहत होते, आणि नोंद मात्र 'एनॉक' या पहिल्या नावाखाली होती, कारण आफ्रिकी माणसाचे आडनाव लिहिण्याची तसदी त्या काळच्या कारकुनाने घेतली नव्हती. कबर सापडल्यावर २४ सप्टेंबर १९९६ रोजी ती राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली.

धार्मिक वारसा म्हणजे केवळ बायबलचे भाषांतर आणि स्तोत्रे का?

मुळीच नाही, जरी ती महत्त्वाची आहेत. नवा करार १८४६मध्ये आणि जुना करार १८५९मध्ये खोसात छापून पूर्ण झाला, आणि तियो सोगा यांनी 'यात्रिकाचा प्रवास' या इंग्रजी रूपककथेच्या पहिल्या भागाचे केलेले भाषांतर १८६०च्या दशकात आले. लिखित खोसा गद्याची घडण या दोन्हींनी केली. परंतु मिशनबाहेरचे धर्मजीवन याहून कितीतरी मोठे होते, आणि त्याचे कागद बहुतेक वेळा त्याच्या विरोधकांनी लिहिलेले आहेत.

१८१९मध्ये ग्रॅहमस्टाउनवर हल्ला करणारा आणि रॉबेन बेटावरून सुटताना बुडून मेलेला द्रष्टा न्केले, म्हणजेच मखांडा, प्रामुख्याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनातून आपल्यापुढे येतो. ज्या शहरावर तो चालून गेला त्याला २०१८मध्ये त्याचेच नाव देण्यात आले. एनॉक म्गिजिमा यांच्या 'इस्रायली' पंथावर २४ मे १९२१ रोजी बुलहूक येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. पंथाचा पवित्र कोश, म्हणजे बायबलमधील कराराच्या कोशाच्या धर्तीची पेटी, ग्रॅहमस्टाउनच्या संग्रहालयात गेला आणि १९९०च्या दशकात इतिहासकार रॉबर्ट एडगर यांच्या प्रयत्नांनंतर तो पंथाला परत मिळाला. नोंतेथा न्क्वेंक्वे या प्रवक्तीची कथाही एडगर यांनीच उलगडली. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर तिला दृष्टान्त झाले, तिच्या भोवती लोक जमले, आणि सरकारने तिला वेड्यांच्या इस्पितळात डांबले. १९३५मध्ये ती प्रिटोरियात वारली आणि बेवारस पुरली गेली. इस्पितळ आणि दफनभूमीच्या दप्तरांवरून तिची जागा शोधून १९९८मध्ये तिचे अवशेष अनुयायांच्या हवाली करण्यात आले. ज्या दप्तराने तिला कैदी केले त्याच दप्तराने तिला घरी आणले, म्हणून पोलिस, तुरुंग आणि इस्पितळे यांच्या नोंदींना धर्माच्या इतिहासाची साधने मानून जपले पाहिजे.

याखेरीज चर्चच्या महिला मंडळांची इतिवृत्ते, प्रवचनांच्या वह्या, आणि कुटुंबातील जन्ममृत्यूच्या नोंदी असलेली जुनी स्तोत्रपुस्तके हाही मोठा ऐवज आहे.

जुन्या सूचींत शोध घेताना सर्वांत जास्त घोटाळा कशाने होतो?

तीन गोष्टींनी. पहिली म्हणजे लेखनपद्धती. जुन्या छपाईत महाप्राण व्यंजने वेगळी दाखवत नसत. १९३०च्या दशकात नवी पद्धत आली, तिच्यात काही खास अक्षरेही होती, आणि १९५५मध्ये ती अक्षरे पुन्हा काढण्यात आली. एकाच लेखकाचे नाव किंवा एकच स्तोत्र त्यामुळे तीन वर्णलेखनांत आढळते. आजच्या वर्णलेखनाने शोधणाऱ्याला १८८०चा लेख दिसतच नाही. त्यात खोसा नामे उपसर्गांनी सुरू होत असल्याने काही सूचिकारांनी उपसर्गाखाली नोंद केली आणि काहींनी धातूखाली. दुसरी गोष्ट म्हणजे ठिकाणांची बदललेली नावे: ग्रॅहमस्टाउनचे मखांडा झाले, किंग विल्यम्स टाउनचे कोन्से. तिसरी गोष्ट म्हणजे वसाहतकाळात खोसांसाठी वापरला जाणारा अपमानास्पद शब्द, जो पुस्तकांच्या शीर्षकांत आणि विषयसूचीतही घुसला आहे. छापील शीर्षक बदलता येत नाही, पण विषयसूची बदलता येते आणि बदललीच पाहिजे. जुना शब्द केवळ शोधासाठी मागे दुव्याच्या रूपात राहू द्यावा.

सर्व काही डिजिटल करून सर्वांना खुले करावे, यात अडचण काय आहे?

मुद्रित साहित्याबाबत अडचण कमी आहे. दक्षिण आफ्रिकेत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे कॉपीराइट राहतो. त्यामुळे १९४५मध्ये वारलेल्या म्कायी यांचे लेखन आता खुले आहे. ध्वनिमुद्रणांत प्रश्न अवघड होतो. मुलांच्या दीक्षाविधीत गायची काही गाणी बाहेरच्यांनी, स्त्रियांनी किंवा दीक्षा न झालेल्यांनी ऐकू नयेत असा संकेत आहे. दैवी हाक आलेल्या वैदूंच्या बैठकींतली गाणीही केवळ करमणुकीसाठी नसतात. १९५०च्या दशकात ज्यांनी माइकसमोर गायले त्यांनी संगणकावरच्या जगभरच्या प्रसारणाला संमती दिली असे कोणीही म्हणू शकत नाही. २०१९च्या देशी ज्ञानविषयक कायद्याने समुदायांचे हक्क मान्य केले आहेत. माझे मत असे आहे, की प्रत गायकाच्या गावी आणि वंशजांकडे आधी पोहोचावी, त्यांना विचारून निर्बंध ठरावेत, आणि त्यानंतरच ती सार्वजनिक व्हावी. ऱ्होड्सच्या संगीत ग्रंथालयाने ध्वनिमुद्रणे मूळ समुदायांकडे परत नेण्याचे जे काम हाती घेतले, ते या दिशेचे आहे.

डिजिटल प्रत झाल्यावर मूळ कागद आणि फिती ठेवायची गरज काय?

प्रत चुकीची किंवा अपुरी असू शकते, आणि पुढचे तंत्र मूळ वस्तूतून अधिक काही काढू शकते. ध्वनिफितीसाठी आज किमान ४८ आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी शिफारस आहे. वीस वर्षांपूर्वी घाईने केलेल्या दाबलेल्या, म्हणजे फाइलचा आकार लहान करण्यासाठी काही ध्वनी गाळलेल्या, प्रतींत उहाडीचे वरचे उपस्वर, म्हणजे नेमका ज्यासाठी ती फीत जपली तो भाग, झिजून गेलेला असतो. अॅसिटेटच्या जुन्या फितींना व्हिनेगरसारखा वास येऊ लागला, की त्यांचे विघटन सुरू झालेले असते आणि त्या वेगळ्या ठेवून तातडीने उतरवाव्या लागतात.

उलट दिशेचा धडा १८ एप्रिल २०२१चा आहे. त्या दिवशी टेबल माउंटनवरचा वणवा केप टाउन विद्यापीठात पसरला आणि जॅगर वाचनालय जळाले. आफ्रिका-अभ्यासाच्या मुद्रित संग्रहाचा बहुतांश भाग राख झाला. तळघरातील हस्तलिखिते अग्निरोधक दारांमुळे ज्वाळांपासून वाचली, पण पाण्याने भिजली, आणि स्वयंसेवकांनी साखळी करून पेट्या बाहेर काढल्या. दोन वेगळ्या शहरांत दोन प्रती असणे हा खर्चिक हट्ट वाटतो, परंतु त्या दिवशी ज्या पुस्तकांची दुसरी प्रत अन्यत्र होती तीच आज वाचता येतात.

लव्हडेलच्या छापखान्याचे पुढे काय झाले?

या शतकाच्या सुरुवातीला तो बुडण्याच्या बेतात असताना त्याच्या काही कामगारांनीच तो विकत घेतला आणि अत्यंत तुटपुंज्या साधनांवर चालवला. जुनी यंत्रे, छपाईचे साहित्य आणि पुस्तकांचे हक्क यांसकट तो एक अभिलेखागारच आहे. अशा जागेचे रक्षण त्या कामगारांच्या खिशावर सोपवून शासनाने मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.

मराठी अभ्यासकाने सुरुवात कोठून करावी?

दक्षिण आफ्रिकेत मखांडा हे पहिले ठिकाण: तेथे कोरी ग्रंथालय, आफ्रिकन संगीताचे ग्रंथालय आणि आता सर्व भाषांतील साहित्याचा विचार करणारे अमाझ्वी हे साहित्य संग्रहालय एकाच शहरात आहेत. त्यानंतर ॲलिस येथील, १९१६मध्ये स्थापन झालेले फोर्ट हेअर विद्यापीठ, कोन्से येथील अमाथोले संग्रहालय, आणि केप टाउनचे राष्ट्रीय ग्रंथालय, जेथे गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांनी दिलेल्या संग्रहात सुरुवातीची दुर्मीळ खोसा पुस्तके आहेत. इंग्लंडमध्ये वेस्लियन आणि लंडन मिशनरी सोसायटीची कागदपत्रे लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या आणि आफ्रिका-अभ्यास संस्थेत पाहता येतात.

महाराष्ट्राशी असलेला खरा दुवा मात्र एडिंबरोत आहे. १८४३मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडल्यावर मुंबईचे जॉन विल्सन आणि त्यांची शिक्षणसंस्था, तसेच लव्हडेल, ही दोन्ही फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या परदेशी मिशन समितीच्या आधिपत्याखाली आली. समितीची कागदपत्रे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, आणि एकोणिसाव्या शतकातील मुंबई मिशनचा इतिहास शोधायला जो मराठी अभ्यासक तेथे जाईल, त्याला लव्हडेलची पत्रे त्याच संग्रहात मिळतील. विद्यार्थ्यांना इंग्रजी किती आणि मातृभाषा किती शिकवावी, स्थानिक भाषेत कोणती पुस्तके छापावीत आणि कोणती नाकारावीत, हे प्रश्न दोन्हीकडून एकाच समितीपुढे येत होते. त्या पत्रांचा मुंबई आणि लव्हडेल असा एकत्र अभ्यास मराठीत व्हायला हवा. त्यासाठी जाणाऱ्याने खोसाचे जुने वर्णलेखन आधी शिकून घ्यावे आणि नोंदींच्या छायाप्रती मागताना प्रत्येक पानाचा संग्रहक्रमांक टिपून ठेवावा.